वाऱ्यात जोर नको, नंबर बदला

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या क्रीडापानावर गोल्फची ओळख करून देणारे सदर सुरू झाले, त्याचे स्वागत. गोल्फ म्हटले की पुण्या-मुंबईपलीकडे कुणाचा विचार जात नाही. इकडे पऱ्हाटी (कपाशी) उपटलेल्या वावरात पोरे जुन्यापुराण्या क्लबने (गोल्फच्या काठीने) चेंडू मारतात आणि हे सदर कापून वहीत चिकटवतात. म्हणूनच गेल्या भागातला एक सल्ला तसाच राहू देणे बरे नाही. ‘समोरून वारा असेल तर जोर वाढवा’ असे त्यात छापले आहे. करायचे असते नेमके उलटे.

गोल्फचा चेंडू गोफणीतल्या दगडासारखा जात नाही. क्लबच्या तिरप्या तोंडामुळे तो उलटा फिरत सुटतो, आणि त्या फिरकीमुळे, अंगावरच्या खळग्यांच्या मदतीने, हवा त्याला वर उचलते. व्यावसायिक खेळाडूने सात नंबरच्या आयर्नने (लोखंडी तोंडाच्या क्लबने; नंबर जितका लहान तितके तोंड कमी तिरपे आणि चेंडू लांब) मारलेला चेंडू ताशी १९० किलोमीटरच्या आसपास वेगाने सुटतो आणि मिनिटाला सुमारे ७००० फेरे घेतो. समोरून १६ किलोमीटरचा वारा असेल तर हवेच्या लेखी त्याचा वेग २०६ होतो. हवेचा अडथळा वेगाच्या वर्गाने वाढतो, म्हणजे इथे सुमारे साडेसतरा टक्क्यांनी. चेंडूला उचलणारा जोरही वाढतो. मग चेंडू चढत राहतो, वर थबकतो आणि पिकल्या कवठासारखा सरळ खाली येतो. अशा वेळी ताकद लावली की फेरे आणखी वाढतात आणि चेंडू आणखी चढतो. शिवाय जोराच्या नादात तोल जातो, चेंडू क्लबच्या मधोमध लागत नाही, आणि शांत हवेत जी चूक खपून जाते ती वाऱ्यात खपत नाही.

खेळाडूंचा ढोबळ हिशेब असा, की १६ किलोमीटरच्या समोरच्या वाऱ्यात अंतर सुमारे १० टक्के घटते. दीडशे मीटरचा फटका १३५ वर पडतो. म्हणून सातऐवजी पाच नंबर घ्यावा आणि तो पाऊणच फिरवावा. पाच नंबरचा चेंडू मुळात कमी फिरतो (व्यावसायिकांचा पूर्ण फटका ५३०० फेऱ्यांच्या आसपास) आणि हळू मारला की आणखी कमी.

हा बुटका, म्हणजे चेंडू फार वर न चढू देणारा, फटका शिकवताना बहुतेक जण ‘चेंडू मागच्या पायाकडे घ्या’ एवढेच सांगून थांबतात, आणि तिथेच घोटाळा होतो. उजव्या हाताच्या खेळाडूने चेंडू नेहमीच्या जागेपेक्षा फक्त एक चेंडूभर उजवीकडे ठेवावा. तीन-चार चेंडू मागे नेला तर क्लब कुदळीसारखा वरून येतो, फिरकी पुन्हा वाढते आणि उन्हाळ्याच्या टणक जमिनीवर क्लब उसळून चेंडूच्या डोक्याला लागतो. मूठ दांड्यावर दोन-तीन सेंटिमीटर खाली धरावी. वजन साठ टक्के डाव्या पायावर ठेवावे आणि शेवटपर्यंत तिथेच असू द्यावे. क्लब मागे नेताना डावा हात जमिनीला समांतर झाला की पुरे. फटक्यानंतर हात छातीच्या उंचीवर थांबावेत, पण ते स्विंग (क्लबचा झोका) लहान आणि संथ असल्यामुळे. चेंडूला लागताक्षणी हात मुद्दाम आवरले की मनगट मोडते, क्लबचे तोंड उघडे पडते आणि चेंडू उजव्या धुऱ्यावर (बांधावर) जातो. सरावाला आठ नंबरने सुरुवात करावी. लय बसल्याशिवाय पाच नंबरला हात लावू नये.

ड्रायव्हरच्या (सर्वांत लांब मारायच्या क्लबच्या) बाबतीत ‘टी (चेंडू ठेवायची खुंटी) खाली ठोका’ हा सल्ला अर्धाच खरा आहे. टी खाली गेली की हात आपोआप वरून खाली मारतो, फेरे वाढतात आणि चेंडू फुग्यासारखा चढतो. टी बोटभर खाली घ्यायला हरकत नाही, मात्र क्लब जमिनीला समांतर झाडल्यासारखा यायला हवा. ते जमत नसेल तर टी होती तिथेच बरी.

नंबर बदलण्यात कमीपणा नाही. १९७३ च्या ब्रिटिश ओपन या गोल्फस्पर्धेत, स्कॉटलंडमधल्या ट्रून इथल्या आठव्या होलवर, ७१ वर्षांचे नामवंत अमेरिकी गोल्फपटू जीन साराझेन यांनी १२६ यार्डांवरून, म्हणजे ११५ मीटरवरून, पाच नंबरचा आयर्न वापरला आणि चेंडू एका फटक्यात होलमध्ये गेला. आमची पोरे तेवढ्या अंतराला वेज (जवळच्या फटक्याचा, जास्त तिरप्या तोंडाचा क्लब) काढतात!

पाठीमागचा वारा मित्र वाटतो, पण तो दगा देतो. समोरचा वारा जितके नेतो तितके मागचा वारा देत नाही. त्याच १६ किलोमीटरच्या वाऱ्यात वाढ फार तर पाच टक्के, म्हणजे दीडशेला सात-आठ मीटर. अडथळा कमी होतो हे खरे, पण उचलही कमी होते आणि चेंडू लवकर खाली बसतो. तो चपटा पडतो आणि पळतो. ग्रीनच्या (होलभोवतीच्या बारीक कापलेल्या गवताच्या) आधी पाडून घरंगळू द्यावा हे उत्तम. मध्ये नाला असेल तर वाऱ्याची मदत हिशेबात धरूच नये.

बाजूच्या वाऱ्यात नवख्याने चेंडू वळवण्याच्या भानगडीत पडू नये. निशाण्यापासून जितके सरकायचे तितके पाय, कंबर, खांदे सगळे सरकवून सरळ मारावे. फक्त क्लबचे तोंड वळवले तर निम्म्या वाटेत मन होलवरच्या झेंड्याकडे ओढते आणि हातही. वारा पाठीवर येत असेल तर अंग चवड्यांवर ढकलले जाते आणि चेंडू क्लबच्या टाचेला लागतो. छातीवर येत असेल तर उलटे. पाय थोडे फाकवले की निम्मा त्रास जातो.

आता वारा ओळखायचा कसा, हे शेतकऱ्याच्या पोराला शिकवायला नको. तिवईवर उभे राहून उपणणाऱ्या आणि पाठीवर पंप घेऊन फवारणाऱ्या माणसाला वारा अंगानेच कळतो. पण एक फरक आहे. फवारणीत कमरेइतक्या उंचीवरचा वारा पाहायचा, गोल्फमध्ये झाडाच्या शेंड्यावरचा. चांगला फटका २५ मीटरच्या वर जातो, म्हणजे बहुतेक कडुलिंबांच्याही वर. बाभळीच्या आडोशाला गवत हलत नसते आणि वर वारा जोरात असतो. तिथे देवळाच्या कळसावरची पताका किंवा वीटभट्टीचा धूर खरे सांगतो. गवताची चिमूट हवेत सोडून पाहणे नियमात बसते. पावडर उडवून पाहणे किंवा वारा मोजायचे यंत्र वापरणे, नियम ४.३ नुसार, चालत नाही. हवामानाचा अंदाज मात्र मोबाइलवर पाहता येतो.

आपल्याकडे उन्हाळ्यात सकाळी वारा पडलेला असतो. जमीन तापली की वरचा वेगवान वारा खाली उतरतो आणि दुपारी जोर धरतो. वावटळ दिसली तर फटका थांबवावा, ती मिनिटभरात निघून जाते. ढग गडगडला तर मात्र क्लब खाली ठेवून घर गाठावे. झाडाखाली उभे राहू नये. आणखी एक गोष्ट: मे महिन्यातल्या ४५ अंशांच्या दुपारची हवा जानेवारीतल्या १२ अंशांच्या सकाळपेक्षा सुमारे १० टक्के विरळ असते. त्याच वेगाचा वारा थंडीत चेंडूला जास्त ढकलतो. म्हणून स्कॉटलंडच्या समुद्रकाठचे अंतराचे कोष्टक विदर्भात जसेच्या तसे उतरवू नये. बुटका चेंडू घरंगळण्याचेही तसेच. मुरमाड जमिनीवर तो कुठेही उसळतो, आणि काळ्या मातीच्या भेगेत गेला तर नियमपुस्तकाआधी काडी शोधावी लागते.

ग्रीनवर वाऱ्याने चेंडू हलला तर काय, हे सदरात राहूनच गेले. तुम्ही तो एकदा उचलून परत ठेवलेला असेल तर मूळ जागी ठेवायचा. अजून उचललाच नसेल तर जिथे थांबला तिथूनच खेळायचा. दंड दोन्हींत नाही.

सदरातल्या कोष्टकात समोरच्या आणि पाठीमागच्या वाऱ्याला सारखेच मीटर दिले आहेत. तेही दुरुस्त करून येत्या रविवारीच छापावे, ही विनंती. मृग लागला की वावरे पेरणीला जातील आणि पोरांना पुन्हा चेंडू मारायला मिळेल तो थेट पऱ्हाटी उपटल्यावर.

आपले,
गोल्फ खेळणारे व शिकवणारे काही वाचक,
ता. हिंगणघाट, जि. वर्धा