सिंह, पारवा आणि मांजर

प्रिय मनू,
अनेक आशीर्वाद.

तुझा लांबलचक मेल दोनदा वाचला. फोनच केला असता, पण फोनवर तू माझं वाक्य पुरं होऊ देत नाहीस, म्हणून लिहायला बसले.

तर घरात तुम्ही चौघी. एक ख्रिस्ती, एक ज्यू, एक मुसलमान आणि चौथी तू. बातम्यांवरून एकदा कडाक्याचं भांडण झालं आणि तेव्हापासून स्वयंपाकघरातसुद्धा एकमेकींची वेळ चुकवून जाता. त्यावर तू तोडगा काढलास, की रोज रात्री दहा मिनिटं सगळ्यांनी मिळून ध्यानाला बसायचं. तिघींनी तीन तऱ्हांनी नाही म्हटलं. एक म्हणाली, हे आमच्यात नसतं. दुसरी म्हणाली, आम्ही प्रार्थना करतो, नुसतं बसून राहत नाही. तिसरी म्हणाली, पाच वेळा नमाज आहे, आणखी कशाला?

तुला वाईट वाटलं. मला विचारशील तर थोडं तुझंही चुकलं. तू त्यांच्यापुढे ठेवलंस ते तुझ्या अ‍ॅपमधलं ध्यान: डोळे मिटा, श्वास मोजा, मागे घंटेचा आवाज. त्यांना ते परक्याच्या घरचं वाटणारच. त्यांच्या स्वतःच्या घरात, माळ्यावर, हेच सामान पडलेलं आहे आणि ते तुझ्या अ‍ॅपपेक्षा कितीतरी जुनं आहे. इतिहास शिकवण्यात जन्म गेला माझा, तेव्हा एवढं तरी सांगू दे.

एका शब्दापासून सुरुवात करते. बायबलच्या स्तोत्रसंहितेतलं पहिलंच स्तोत्र म्हणतं, की देवाच्या नियमशास्त्राचं जो रात्रंदिवस मनन करतो तो धन्य. हे स्तोत्र ज्यूंचंही आणि ख्रिस्त्यांचंही. 'मनन' म्हटलं की आपल्याला कपाळाला हात लावून विचारात बुडालेला माणूस दिसतो. मूळ हिब्रू शब्द 'हागा' आहे आणि यशयाच्या ग्रंथात तोच शब्द शिकार पुढ्यात घेऊन गुरगुरणाऱ्या सिंहाला वापरलाय, पारव्याच्या घुमण्यालाही वापरलाय. म्हणजे तिथलं मनन घशातून होतं. ओठातल्या ओठात तेच तेच पुटपुटत राहायचं. मला यातला सिंह फार आवडतो. भक्ष्य समोर आहे, घाई नाही, पण सोडायचंही नाही.

तुझी ज्यू मैत्रीण म्हणते ना, आम्ही बसून राहत नाही? इसवी सन 200 च्या सुमारास संकलित झालेल्या मिश्ना या ज्यू नियमसंग्रहात जुन्या भक्तांची एक सवय नोंदवली आहे. प्रार्थनेला उभं राहण्याआधी ते तासभर थांबत, हृदय देवाकडे वळावं म्हणून. नुसते थांबत. पुढे तालमूदमध्ये, म्हणजे मिश्नावरच्या चर्चेच्या मोठ्या ग्रंथात, त्याचा हिशेबच मांडलाय: आधी एक तास, प्रार्थनेला एक तास, नंतर एक तास, असं दिवसातून तीनदा. नऊ तास झाले. मग तिथेच कोणीतरी रास्त प्रश्न विचारतो, की मग हे लोक अभ्यास कधी करत आणि कामधंदा कधी? उत्तर असं, की ते भक्त होते म्हणून त्यांचं शिकलेलं टिकून राही आणि कामाला बरकत येई. मला हे उत्तर पटत नाही, माझ्या वर्गात कोणी दिलं असतं तर मी अर्धाच मार्क दिला असता. पण प्रश्न विचारणाऱ्याला पानावर जागा दिली, ते आवडलं.

आता ख्रिस्ती मैत्रीण. चौथ्या शतकात इजिप्तच्या वाळवंटात शेकडो माणसं एकेकट्या खोपटात जाऊन राहिली. त्यांच्यात राहून जॉन कॅसियन नावाचा साधू ती शिकवण घेऊन आजच्या फ्रान्समध्ये, मार्सेला आला आणि त्यानं ती लिहून काढली. त्यात एक गुरू सांगतो, की एकच ओळ धरायची आणि झोपताना, उठताना, जेवताना, काम करताना तीच मनात फिरवत ठेवायची. ओळ अशा अर्थाची: देवा, माझ्या मदतीला ये, लवकर धाव घे. ही ओळ सत्तराव्या स्तोत्रातली, म्हणजे मुळात हिब्रूतली. वाळवंटातल्या ख्रिस्ती साधूचा जप ज्यूंच्या प्रार्थनेच्या पुस्तकातून आला, हे तुझ्या दोघी मैत्रिणींना एकाच वेळी सांग. एकटीएकटीला सांगू नकोस.

'हे आमच्यात नसतं' यावरून मला जॉन मेन आठवतो. हा विसाव्या शतकातला. ब्रिटिश नोकरीत मलायात असताना एका हिंदू स्वामींकडून एक शब्द घेऊन शांत बसायला शिकला. स्वामींनी त्याला ख्रिस्ती शब्दच घ्यायला सांगितला होता, हे विशेष. पुढे तो बेनेडिक्टाइन या कॅथलिक साधूंच्या मठात दाखल झाला, तेव्हा ही प्रार्थनेची रीत सोड असं त्याला सांगण्यात आलं, आणि त्यानं निमूट सोडली. बऱ्याच वर्षांनी कॅसियन वाचताना त्याला कळलं, की सोडली ती रीत दीड हजार वर्षांपूर्वी आपल्याच पंथाच्या पूर्वजांनी लिहून ठेवली होती. मग त्यानं ती पुन्हा धरली आणि मरेपर्यंत दुसऱ्यांना शिकवली.

मुसलमान मैत्रिणीला तर तू काही शिकवायला जाऊच नकोस. 'अल्लाच्या स्मरणानं हृदयाला शांती मिळते' ही कुराणातली ओळ तिला तुझ्याआधीपासून ठाऊक असणार. स्मरणाला अरबीत 'जिक्र' म्हणतात. हिब्रूत स्मरणाचा धातू 'जाखर'. दोन्ही एकाच मुळाचे, सख्ख्या बहिणी. तिकडे ग्रीक साधूही 'देवाची आठवण' असाच शब्द वापरतात. गंमत बघ, तिन्हीकडे गाडी 'आठवणी'वर येऊन थांबते. तू ज्याला मन रिकामं करणं म्हणतेस ते यांच्याकडे मुळातच नाही. यांना मन रिकामं करायचं नाही, कोणाला तरी विसरायचं नाही.

हे मला पुस्तकातून नंतर कळलं, आधी बाकावर दिसलं. तुझ्या आजोबांच्या शेवटच्या आठवड्यात अतिदक्षता विभागाबाहेर मी सहा रात्री काढल्या. समोरच्या बाकावर एक म्हातारे गृहस्थ, हातात तसबी, म्हणजे मुसलमानांची जपमाळ. माझ्या शेजारी एक ख्रिस्ती बाई, रोझरी पदराखाली धरलेली. पहाटे तीनच्या सुमाराला माझं लक्ष त्यांच्या बोटांकडे गेलं. अंगठ्यानं मणी पुढे सरकवायचा, क्षणभर थांबायचं, मग पुढचा. दोघांची लय इतकी सारखी, की जणू एकाच घड्याळाचे दोन काटे. आतलं दार उघडलं की दोघांचा अंगठा जागच्या जागी थांबायचा. दार मिटलं की पुन्हा चालू. एकमेकांशी ते एक शब्दही बोलले नाहीत. चौथ्या रात्री म्हाताऱ्यांना डुलकी लागली आणि नर्सनं त्यांच्या पेशंटचं नाव पुकारलं, तेव्हा त्यांना हलवून उठवायला ती बाई माझ्याआधी उठली. मी जागीच होते, पण माझं लक्ष मोबाइलमध्ये होतं. तिचं कुठे होतं ते तूच ठरव.

बगदादच्या सूफींची एक गोष्ट गझालीनं दिली आहे. शिबली एकदा नूरीकडे गेला. नूरी असा निश्चल बसलेला, की अंगावरचा केससुद्धा हलत नव्हता. शिबलीनं विचारलं, ही बैठक कोणाकडून शिकलास? नूरी म्हणाला, आमच्या मांजराकडून. उंदराच्या बिळापाशी बसते तेव्हा ती याहून स्थिर असते. या बैठकीला 'मुराकबा' म्हणतात, पहारा ठेवणं, लक्ष ठेवणं अशा अर्थाचा शब्द. सिंह झाला, पारवा झाला, आता मांजर. या लोकांनी प्राण्यांकडून बरंच उचललंय.

आणि हा गझाली म्हणजे कोणी उपटसुंभ नव्हे. बगदादच्या निजामिया मदरशातला सगळ्यात मोठ्या नावाचा प्राध्यापक. 1095 मध्ये त्याची जीभच चालेना, वर्गात उभा राहिला की शब्द फुटेना. वैद्यांनी हात टेकले. शेवटी नोकरी, मानमरातब सोडून दमास्कसला गेला आणि तिथल्या मशिदीच्या मिनारात दिवसभर दार लावून बसू लागला. शिक्षकाच्या तोंडून शब्द न फुटणं काय असतं ते मला माहीत आहे, म्हणून ही गोष्ट मी जरा जास्तच वेळा सांगते.

पण सगळ्यात जास्त सांगण्यासारखा माणूस कैरोचा. मायमोनिडीझ हा ज्यूंचा थोर पंडित, त्याचा मुलगा अब्राहम, जन्म 1186. बापामागून इजिप्तच्या ज्यूंचा प्रमुख झाला. त्यानं अरबीत मोठा ग्रंथ लिहिला आणि त्यात सरळ म्हटलं, की आपल्या प्राचीन संदेष्ट्यांची रीत आपण गमावली आणि ती आज मुसलमान सूफींनी सांभाळली आहे. म्हणून तो एकांत, प्रार्थनेआधी पाय धुणं, रांगेत बसणं, जमिनीला कपाळ टेकणं पुन्हा सुरू करायला निघाला. त्याच्या मते हे उसनं घेणं नव्हतंच, ठेव परत घेणं होतं. लोक खवळले. त्याच्याच समाजातल्या विरोधकांनी थेट सुलतानाकडे तक्रार नेली, की हा नव्या चाली पाडतोय. मुसलमान सुलतानाकडे ज्यूंची तक्रार, की आमचा प्रमुख फार मुसलमानांसारखा वागतो!

हेही तिन्हीकडे सारखं, मनू. शांत बसणाऱ्यांना घरचेच आधी झोडपतात. ग्रीसमधल्या एथॉस पर्वतावरचे साधू हनुवटी छातीला टेकवून, श्वास संथ करून येशूचं नाव घेत, तर बार्लाम नावाच्या विद्वानानं 'यांचा आत्मा बेंबीत असतो' म्हणून टवाळी केली. ग्रेगरी पालामास त्यांच्या बाजूनं उभा राहिला आणि 1341 मध्ये कॉन्स्टँटिनोपलच्या धर्मसभेनं त्याच्या बाजूनं कौल दिला. सूफींच्या जिक्रच्या पद्धतींना बिदअत, म्हणजे धर्मात घुसडलेली नवी गोष्ट, म्हणणारे मुसलमान आजही भरपूर आहेत. आणि 1989 मध्ये व्हॅटिकनने बिशपांना पत्र लिहून पूर्वेकडच्या ध्यानपद्धती घेताना जपून राहा असं बजावलं. तेव्हा तुझी मैत्रीण कचरली तर तिला कोत्या मनाची समजू नकोस. तिनं हे कुठेतरी ऐकलं असेल.

पालामासचं आणखी एक. 1354 मध्ये तो तुर्कांच्या हाती सापडला आणि वर्षभर कैदेत होता. तिथे त्याच्या मुसलमानांशी चर्चा झाल्या, काही वेळा आवाज चढले. एका चर्चेच्या शेवटी त्यांच्यातला एक जण म्हणाला, की आपलं एकमत होईल असाही काळ येईल. पालामासनं आपल्या चर्चच्या मंडळींना पत्रात लिहिलंय, की मी होकार दिला आणि तो काळ लवकर येवो अशी इच्छा केली. माघार मात्र दोघांपैकी कोणीही घेतली नाही.

म्हणून 'शेवटी सगळं एकच' हे तुझं पालुपद तेवढं आवर. तुझ्या ख्रिस्ती मैत्रिणीसाठी येशू हा देवाचा पुत्र आहे. बाकी दोघींना ते मान्य नाही, आणि ही किरकोळ बाब नाही. त्यांना 'एकच' म्हणणं म्हणजे तिघींनाही तुमचं मी ऐकलंच नाही असं सांगणं. रुग्णालयातल्या त्या दोघांना कोणी 'तुमचं एकच' म्हटलं असतं तर दोघांनीही मणी थांबवून त्याच्याकडे बघितलं असतं.

बसायचंच असेल तर असं कर. अ‍ॅप बंद, घंटा बंद, सूचना देणारा आवाज नको. जिचा तिचा शब्द, मनातल्या मनात. तुझ्या मुस्लिम मैत्रिणीला नक्शबंदी सूफींचं मूक जिक्र ऐकून ठाऊक असेल, नसेल तर नमाजानंतर ती तसबी ओढतेच की, तेच तिथे बसून करेल. वेळ तू ठरवू नकोस. इशाची, म्हणजे रात्रीची, नमाज ऋतूप्रमाणे मागेपुढे होते. आणि ज्यू मैत्रीण शब्बाथ, म्हणजे आठवड्याचा विश्रांतीचा दिवस, पाळत असेल तर शुक्रवारी सूर्य मावळल्यापासून शनिवारी रात्र पडेपर्यंत ती फोनला हात लावणार नाही, तेव्हा गजराच्या भानगडीत पडू नका. उठल्यावर 'कसं वाटलं?' असं तर मुळीच विचारू नकोस. तुला ती सवय आहे.

कोणी नाही आली तर तू एकटी बस. दार उघडं ठेवून.

आणि एक काम माझं. शमा, म्हणजे देव एकच आहे असं सांगणारी ज्यूंची मुख्य प्रार्थना, म्हणताना ज्यू लोक उजव्या हातानं डोळे झाकतात आणि पहिल्या ओळीच्या 'एखाद', म्हणजे 'एक', या शेवटच्या शब्दावर जरा रेंगाळतात, असं मी इतकी वर्षं नुसतं वाचत आले. तुझी मैत्रीण तसं करते का, ते कधी सहज दिसलं तर कळव. त्यासाठी तुला ध्यानात एक डोळा उघडावा लागेल. तेवढं चालेल.

तुझी,
आई