शनिवारच्या पातेल्याबद्दल

ठाणे, मंगळवार

चि. सोन्यास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझा व्हॉइस मेसेज दोनदा ऐकला. पहिल्यांदा नुसता तुझा आवाज ऐकायला, दुसऱ्यांदा भांडण काय आहे ते समजून घ्यायला. इस्राएलमधल्या अश्दोदच्या त्या एवढ्याशा खोलीत तुम्ही तिघं शनिवारी सकाळी फ्रिजमधून काढलेल्या सुपाच्या पातेल्याभोवती उभे. येमेनी म्हणतो, ठेव प्लाटावर (विजेवर तापणारा, ऊब ठेवणारा तो सपाट तवा). पोलंडकडच्या घराण्यातला म्हणतो, खबरदार. आणि तू मध्ये उपाशी. शेवटी कोणीच जेवलं नाही म्हणालास, तेव्हा तुझे बाबा हसले. मला मात्र हसू आलं नाही. शब्बाथला, शुक्रवार सूर्यास्तापासून शनिवार रात्रीपर्यंतच्या आपल्या विश्रांतीच्या दिवशी, उपाशी राहणं हा त्या सुपापेक्षा मोठा घोटाळा आहे, हे तुमच्यापैकी एकाच्याही लक्षात आलं नाही?

‘आई, आपल्यात काय करतात ते सांग’ असं विचारलंस, म्हणून आपल्या बेने इस्राएल ज्यूंची रीत लिहिते. फोनवर सांगितलं असतं तर अर्धं विसरला असतास.

तोरात, आपल्या मूळ धर्मग्रंथात, दोन ठिकाणी बघ. शेमोथच्या (निर्गम) 16व्या अध्यायात मान्ना, रानात आकाशातून आलेलं अन्न, मिळतो, तेव्हा मोशे सांगतो की जे भाजायचं ते आज भाजा, जे शिजवायचं ते आज शिजवा, उरलेलं उद्यासाठी ठेवा. 35व्या अध्यायात सरळ आज्ञाच आहे, शब्बाथला तुमच्या घरांत विस्तव पेटवू नका. मिश्नामध्ये, म्हणजे राब्बींच्या, आपल्या धर्मपंडितांच्या, जुन्या नियमसंग्रहात, जी 39 कामं शब्बाथला बंद म्हणून मोजली आहेत (त्यांचा हिशेबसुद्धा गमतीचा, ‘चाळीसला एक कमी’ असा लिहिलाय), त्यांत भाजणं आलं आणि त्याच्या पोटात शिजवणं. म्हणजे बंदी दोन गोष्टींवर, पेटवण्यावर आणि शिजवण्यावर. गरम खाण्यावर नाही. उलट विस्तव लावायचा नाही म्हणून घरात विस्तवच ठेवायचा नाही असं म्हणणारा, राब्बींना न मानणारा करैत पंथ निघाला, तेव्हा आपल्या राब्बींनी मुद्दाम हट्ट धरला की शनिवारी दुपारी ताटात गरम पडलंच पाहिजे. बाराव्या शतकातल्या राब्बी झेराह्या हालेवींनी तर लिहून ठेवलं की जो हमीन, रात्रभर उबेवर ठेवलेलं शनिवारचं गरम जेवण, खात नाही, त्याच्या श्रद्धेबद्दलच शंका घ्यावी. तेव्हा तुमचा उपास कुठल्या खात्यात जातो ते तूच बघ!

आता विस्तव. मिश्नाच्या शब्बाथ भागातला तिसरा अध्याय चुलीपासूनच सुरू होतो. चूल काडीकचऱ्यावर तापवलेली असेल तर शुक्रवारी तिच्यावर शिजलेलं ठेवून द्या. पण लाकडांवर किंवा तेलाच्या पेंडीवर तापवली असेल तर आधी निखारे ओढून काढा, नाहीतर त्यांच्यावर राख घाला. का? तर धगधगता निखारा समोर दिसला की माणसाचा हात शिवशिवतो, जरा ढवळू, जरा फुंकू, असं वाटतं. राख घातली की ‘आता या विस्तवाला मी हात लावणार नाही’ हे ठरून गेलं.

हे मी पहिल्यांदा वाचलं ते लग्नानंतर, इंग्रजी भाषांतरात, आणि पुस्तक मिटून बसून राहिले. कारण रेवदंड्याजवळच्या आमच्या घरी माझी आजी शुक्रवारी दिवेलागणीच्या आधी नेमकं हेच करायची. चुलीतली लाकडं मागे ओढायची, निखाऱ्यांवर राख सारायची, आणि मटणाचं पातेलं पुढच्या तोंडावरून उचलून वैलावर ठेवायची. वैल तू पाहिला नाहीस. चुलीच्या बाजूचं दुसरं तोंड, त्याला जाळ लागत नाही, नुसती धग लागते. मग ती हात धुऊन पदराला पुसायची आणि म्हणायची, “झालं. आता चूल देवाची.” उद्या दुपारपर्यंत त्या चुलीकडे बोट दाखवलेलंसुद्धा तिला चालत नसे. तिला हिब्रू वाचता येत नव्हतं. मिश्ना हा शब्द तिने ऐकला असेल की नाही कोण जाणे. निखाऱ्यांवर राख कोकणातल्या सगळ्याच बायका ओढायच्या, त्यामुळे हे आपल्याकडे दोन हजार वर्षं जसंच्या तसं आलं असं मी छातीठोकपणे म्हणणार नाही. पण इतरांच्या चुली सकाळी फुंकल्या जायच्या, आजीची नाही. फरक तेवढाच, आणि तो फरक म्हणजेच आपण.

पेंडीवरून आठवलं. आपल्याला गावात ‘शनिवार तेली’ म्हणायचे ते तुला माहीत आहे, शनिवारी घाणा बंद ठेवायचे म्हणून. पातेलं कशात पुरून ऊब टिकवायची याची चर्चा चौथ्या अध्यायात आहे, आणि तिथे तालमूदला (मिश्नावरच्या राब्बींच्या चर्चेचा ग्रंथ) प्रश्न पडलाय की ही जी पेंड नको म्हटली आहे, ती जैतुनाची की तिळाचीसुद्धा? पुरून ठेवायला दोन्ही नकोत असं ठरतं, कारण पेंड स्वतःच उष्णता वाढवते. तिळाच्या पेंडीची ऊब आमच्या पणजोबांना पुस्तकात बघावी लागली नसती, पोत्यात हात घातला की कळतं!

याच अध्यायातली एक गोष्ट तुझ्या कामाची. पातेल्याला गोधडी, टॉवेल वगैरे गुंडाळायचं असेल तर शुक्रवारी, आणि पातेलं विस्तवावर नसताना. प्लाटावर ठेवून चारी बाजूंनी गुंडाळायचं नाही, ते पुरण्यात जमा होतं. आणि एकदा शब्बाथ लागला की त्या भांड्याला नुसत्या कोरड्या टॉवेलातही नव्याने लपेटायचं नाही. आपल्या अलिबागची पोपटी आठव. मडकं, वालाच्या शेंगा, भांबुर्ड्याचा पाला, आणि वरून सगळीकडून पेटवलेला पेंढा. ‘पुरणं’ म्हणजे काय ते समजायला याहून चांगलं उदाहरण नाही. खायची तर शुक्रवारी दुपारी खा.

आता तुमचं सूप. सुके पदार्थ पूर्ण शिजलेले असतील तर त्यांना पुन्हा ‘शिजणं’ नाही, एकदा शिजलं ते शिजलं. इथे सगळ्यांचं एकमत. कोंबडीचा सुका तुकडा, बटाटा, कुगेल (बटाट्याचा किंवा शेवयांचा भाजलेला पदार्थ), काहीही. पातळ पदार्थाचं तसं नाही. शुल्हान आरूख हा धर्मनियमांचा ग्रंथ, जो 1565 मध्ये व्हेनिसला छापला गेला, त्यात राब्बी योसेफ कारो म्हणतात की पातळ पदार्थ थंड झाला असेल तर तो पुन्हा गरम करणं म्हणजे शिजवणंच. अश्केनाझी, म्हणजे पोलंड-जर्मनीकडचे ज्यू, रेमाच्या (पोलंडचे राब्बी मोशे इसर्लेस) मागे जातात. ते म्हणतात, अगदी गार झाला नसेल, थोडी ऊब उरली असेल तर चालेल. आणि येमेनी रांबामना (राब्बी मोशे बेन मैमोन) मानतात, त्यांच्यातल्या पुष्कळांच्या मते एकदा उकळलेलं सूपही पुन्हा गरम करता येतं. म्हणजे तुझे दोघंही मित्र आपापल्या घरचं बरोबर सांगत होते. फ्रिजमधलं गारठोण सूप पोलंडवाल्यालाही नको आणि आपल्यालाही नको. आपण सेफार्दी, म्हणजे मूळ स्पेनकडच्या ज्यूंच्या, रीतीचे, कारोंचं ऐकतो. येमेन्याने त्याच्यापुरतं केलं तर त्याला टोकू नकोस, त्याच्या आईने त्याला तसंच शिकवलंय.

सुकी कोंबडी मात्र थेट फ्रिजमधून प्लाटावर ठेवायला राब्बी ओवादिया योसेफ यांनी परवानगी दिली आहे, कारण प्लाटावर कोणी स्वयंपाक करत नाही, तो ऊब ठेवायलाच असतो. तुझ्या अश्केनाझी मित्राला तेही खटकेल. त्याच्यासाठी प्लाटावर एक थाळी उपडी घाल आणि तिच्यावर ठेव. शेजारधर्म.

आणि उन्हाळ्यात सूप गॅलरीत उन्हात ठेवलंस तरी चालतं! खरंच. थेट सूर्याने तापवलेलं शिजवण्यात मोडत नाही. फक्त उन्हाने तापलेल्या पत्र्यावर नको, ते राब्बींनी बंद केलंय, लोक उद्या तव्यावर ठेवतील म्हणून. गालील सरोवराकाठच्या तिबेर्याच्या लोकांनी असाच शहाणपणा केला होता, गरम झऱ्यातून थंड पाण्याचा नळ फिरवून शब्बाथला आपोआप गरम पाणी काढलं. ते पाणी पंडितांनी शब्बाथला बंद केलं. तिकडे सहलीला गेलास की झऱ्यात हात घालून बघ आणि त्या लोकांची मला आठवण कळव. मला ते लोक फार आवडतात.

शुक्रवारी शिजवायचं तर किती शिजवायचं, हेही विचारलं होतंस. तालमूदमध्ये एक बेन द्रोसाई येतो. हा दरोडेखोर. मागावर माणसं, त्यामुळे पूर्ण शिजेपर्यंत बसायला वेळ नाही, अर्धंकच्चं खाऊन पळायचा. त्याच्या खाण्याची पातळी हे माप झालं. तालमूदचे भाष्यकार राशी म्हणतात एक तृतीयांश शिजलेलं, रांबाम म्हणतात निम्मं. शब्बाथ लागण्याआधी अन्न निदान तेवढं शिजलेलं हवं. एका दरोडेखोराची भूक धर्मशास्त्राचं माप झाली, याची मला अजून गंमत वाटते. पण तू दरोडेखोर नाहीस, पूर्ण शिजव. कुकरमध्ये चार शिट्ट्या काढ आणि मगच प्लाटावर ठेव, कारण कच्च्यावरचं झाकण काढून पुन्हा घातलं की तेही शिजायला मदत करणंच होतं.

पातेलं प्लाटावर असताना त्यात डाव घालून ढवळायचं नाही. आधी खाली उतरव, मग वाढ. उरलेलं परत ठेवायचं असेल तर ते गरम असतानाच, आणि उतरवतानाच ‘परत ठेवणार’ असं मनात धरून. भांडं हातातून सोडू नकोस. एका हाताने धर, दुसऱ्याने वाढ. बाबांना हे कधी जमलं नाही, म्हणून आपल्याकडे मी दोन छोटी पातेली ठेवायची, एक रात्रीचं, एक दुपारचं. तूही तसंच कर.

हात पोळेल इतकं गरम, हे शिजण्याचं माप. तालमूद म्हणतं, तान्ह्या बाळाच्या पोटाला भाजेल इतकं. आजकाल 45 अंश धरतात. त्या पातेल्यात कच्चं काही टाकायचं नाही. तुला वरून नारळाचं दूध ओतायची सवय आहे, ती तिथे सोड. मांस आणि दूध आपल्यात एकत्र खात नाहीत, मटणात दूध नको म्हणून आपल्या बायकांनी नारळाचं दूध धरलं, ते छानच, पण रात्रभर प्लाटावर ते फुटतं आणि सकाळी घालायची सोय नाही. शुक्रवारच्या रात्रीच्या जेवणाला नारळाचं कर. शनिवारसाठी छोले, गहू, अंडी सालासकट, मटणाचं हाड, थोडी दालचिनी, आणि पाणी दोन पेरं जास्त. पुण्यामुंबईचे बगदादी ज्यू रात्रभराची कोंबडी-भात करायचे, तीही चालेल.

चहाचं तेवढं नीट ऐक, नाहीतर तुझं डोकं दुखत राहील. शुक्रवारी चहापत्ती, साखर, आलं उकळून दाट अर्क करून ठेव. सकाळी बंबातलं गरम पाणी कोरड्या कपात घे, त्यातून दुसऱ्या कपात ओत, मग अर्क, मग दूध. टी-बॅग टाकायची नाही. उकळलेल्या चहाची सर येत नाही, मला माहीत आहे. तीस वर्षं पिते आहे.

आणि काही बिघडलं तर बिघडू दे. तुझ्या जन्माच्या आधीची गोष्ट, गॅसवर पत्रा टाकून त्यावर पातेलं ठेवलेलं, आणि शुक्रवारी रात्री सिलिंडर संपला. सकाळी शेजारच्या काकू आल्या, सगळं बर्फासारखं. म्हणाल्या, “मी लावून देऊ का दुसरा? तुम्ही हात लावू नका.” आपल्यासाठी दुसऱ्याला सांगून करून घ्यायचं नाही, हे त्यांना कसं सांगणार? मी म्हटलं, “राहू द्या हो, आज गारच छान लागतं.” त्या माझ्याकडे अशा बघत राहिल्या! बाबांनी मनुकांच्या शरबतावर किद्दूश, शब्बाथची पेल्यावरची प्रार्थना, म्हटला, आम्ही गोठलेलं मटण पोळीशी खाल्लं. चरबी टाळूला चिकटत होती. तिकडे तुमची वीज गेली आणि प्लाटा बंद पडला तर असंच कर, आणि त्या दोघांना बसवून घे.

रोहेकडची मंडळी पुढच्या आठवड्यात तिकडे येत आहेत, त्यांच्याबरोबर माझं जाड बुडाचं पितळी पातेलं पाठवते आहे. आतून नुकतीच कल्हई केली आहे. झाकण जरा जड वाटेल, ते मुद्दाम तसं घेतलंय. शुक्रवारी फ्रिजचा दिवा काढायला विसरू नकोस, नाहीतर दार उघडलं की तो लागतो. आणि पातेलं ठेवलंस की दिवे लागायच्या आधी फोटो पाठव, पाणी पुरेसं आहे का ते बघते.

तुझी,
आई