न्यूरो वॉर्डात रुजू झालेल्या अमोलला

चि. अमोल यास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

परवा फोनवर तू म्हणालास, "आई, न्यूरो वॉर्ड मिळालाय, पण इथले पेशंट बोलतच नाहीत." तुला ड्यूटीवर जायची घाई होती, म्हणून आज निवांत लिहायला बसले. माझी निम्मी नोकरी मेडिसिन वॉर्डात गेली. वेगळं स्ट्रोक युनिट, म्हणजे मेंदूच्या झटक्याच्या पेशंटांसाठीचा विभाग, आमच्याकडे नव्हतं. 'अंगावरून वारं गेलं' म्हणून आणलेला माणूस इतरांच्या शेजारीच खाटेवर यायचा.

आधी पाण्याचं सांगते. पेशंट येऊन टेकतो न टेकतो तोच घरचं कुणीतरी वाटी-चमचा घेऊन उभं राहतं. "सकाळपासून पोटात काही नाही हो ब्रदर, दोन घोट चहा तरी पाजू द्या." त्यांच्या मायेवर रागावू नकोस, पण चमचा थांबव. वारं गेलेल्या माणसाचं गिळणंही बिघडलेलं असू शकतं. पाणी श्वासनलिकेत उतरतं आणि कित्येकदा साधा ठसकाही लागत नाही. मग दोन-तीन दिवसांत ताप, न्यूमोनिया. मेंदूच्या झटक्यातून वाचलेली माणसं छाती भरून गेलेली मी पाहिली आहेत. म्हणून तो पुरता जागा आहे ना ते बघ, ताठ बसव, चमचाभर पाणी दे आणि गिळल्यावर 'आ' म्हणायला लाव. खोकला आला, आवाज ओला, घरघरता झाला, तर तोंडाने काहीही द्यायचं नाही, लगेच डॉक्टरांना सांगायचं. राइल्स ट्यूब, म्हणजे भरवायला नाकातून पोटात जाणारी नळी, घातलीत तर का घातली ते घरच्यांना नीट समजाव, नाहीतर 'आमच्या माणसाला उपाशी ठेवलं' ही बोच त्यांच्या मनात कायमची राहते. आणि ट्यूब असली तरी तोंड रोज स्वच्छ करायचं, ओठ कोरडे पडू द्यायचे नाहीत.

ही कामं किरकोळ वाटतात ना? ऑस्ट्रेलियात न्यू साउथ वेल्समधल्या 19 स्ट्रोक युनिटांचे दोन गट करून एक अभ्यास झाला. एका गटातल्या नर्सेसनी पहिले तीन दिवस ताप, साखर आणि गिळणं एवढंच ठरलेल्या नेमाने सांभाळलं. 2011 मध्ये निकाल छापून आला. 90 दिवसांनंतर दगावलेले किंवा परावलंबी राहिलेले पेशंट नेहमीच्या पद्धतीच्या युनिटांत 58 टक्के होते, या युनिटांत 42 टक्के. नवं औषध त्यात एकही नव्हतं. ताप साडेनव्व्याण्णववर गेला की 'बघू सकाळी' म्हणायचं नाही, ते यासाठी.

आता न बोलणाऱ्यांबद्दल. मेंदूच्या डाव्या बाजूला मार बसला की अनेकांची वाचा जाते, पण समज पुष्कळदा शाबूत असते. मला सगळ्यात जास्त चीड यायची ती खाटेच्या पायथ्याशी उभं राहून "आता यांच्यात काही राहिलं नाही" म्हणणाऱ्यांची. तो माणूस ऐकत असतो, अमोल. त्याच्याशी समोर बसून, छोट्या वाक्यात बोल. "दुखतंय का?" एवढंच विचार आणि थांब. उत्तर यायला वेळ लागतो, मान हलायलाही लागतो. कानाशी ओरडू नकोस, त्याला बहिरेपण आलेलं नाही. काहींना शब्दही उमगत नाहीत, त्यांना हातवारे करून, वस्तू दाखवून सांग.

आमच्याकडे एक आजी होत्या. स्वतःचं नावही सांगता येत नव्हतं. एका संध्याकाळी सून उशाशी हरिपाठ म्हणायला लागली आणि आजींनी चार ओळी तिच्याबरोबर स्पष्ट म्हटल्या. घरचे म्हणाले, म्हणजे इतके दिवस नाटक चाललं होतं! तसं नसतं. पाठ झालेलं, मोजणी, अभंग, शिव्यासुद्धा कधीकधी टिकून राहतात आणि साधं 'पाणी दे' जुळवता येत नाही. हे घरच्यांना तू सांगायचं. एखाद्या आजोबांनी शिवी हासडली तर तीही मनावर घेऊ नकोस.

उजवा मेंदू गेलेल्यांचं वेगळंच. डावी बाजू त्यांच्या लक्षातच येत नाही, ताटातली डावीकडची भाजी तशीच राहते. 'जेवण नको असेल' म्हणून ताट उचलू नकोस, फिरवून दे.

लुळा हात धरून कुणालाही वर ओढायचं नाही, वॉर्डातल्या मावशींना आणि मामांनाही करू द्यायचं नाही. खांदा निखळतो आणि ते दुखणं महिनोन् महिने जात नाही. दर दोन तासांनी कूस बदल, माकडहाड आणि टाचा हात लावून बघ. कॅथेटर, डायपर, स्पंजिंग, काहीही असो, आधी पडदा ओढ, आधी सांग, मग हात लाव. बाईमाणूस असेल तर सिस्टरना बरोबर घे.

महात्मा फुल्यांना 1888 मध्ये पक्षाघात झाला, उजवी बाजू लुळी पडली. त्यांनी डाव्या हाताने लिहून आपला अखेरचा ग्रंथ पुरा केला. उजवा हात गेला म्हणून खचलेल्या एका मास्तरांना मी ही गोष्ट सांगितली होती, पण पहिल्या आठवड्यात नाही. तेव्हा मी नुसती स्टूल ओढून बसायचे. त्यांना रडायचं होतं. मात्र रडणं थांबतच नसेल, जेवण-झोप उडाली असेल, तर ते ड्यूटी बदलताना हँडओव्हरमध्ये सांग आणि डॉक्टरांच्या कानावर घाल. स्ट्रोकनंतर साधारण तिघांतल्या एकाला नैराश्य येतं आणि त्यावर उपचार आहेत.

घरी गेल्यावर हे सगळं बहुतेक वेळा बायकोवर नाहीतर सुनेवर पडतं. डिस्चार्जच्या दिवशी घाईत कागद हातात देऊन भागत नाही. दोन-चार दिवस आधीपासून तिच्या हातून कूस बदलवून घे, ट्यूबमधून भरवून घे. लहान चणीच्या बाईने धिप्पाड नवऱ्याला खाटेवरून खुर्चीत कसं बसवायचं, ते कागदावर सांगता येणार नाही. पुढच्या रजेत आलास की मी खाटेवर बसते, तू मला उचल, कुठे चुकतंय ते सांगेन. तोवर स्वतःची पाठ सांभाळ आणि पेशंट वर सरकवताना एकट्याने जोर लावू नकोस.

तुझी,
आई