मैदानाबाहेरील वर्तनाबाबत खेळाडू सभासदांना सूचना

सर्व खेळाडू सभासद व कनिष्ठ गटातील मुलांच्या पालकांना कळविण्यात येते की, निवड चाचणीसाठी नावे पाठविताना धावा व बळींबरोबरच खेळाडूचे मैदानाबाहेरील वर्तनही यापुढे विचारात घेतले जाईल. दूरचित्रवाणीवरील गप्पांच्या कार्यक्रमातील शेरेबाजीमुळे जानेवारी २०१९ मध्ये हार्दिक पंड्या व के. एल. राहुल यांना निलंबित होऊन ऑस्ट्रेलिया दौऱ्यावरून परतावे लागले आणि पुढे प्रत्येकी २० लाख रुपये दंड झाला. अर्थात, त्यांना भारतीय संघाचे दार कायमचे बंद झाले नाही, हेही खरे. शिवाजी पार्कवर सराव आटोपल्यावर क्लबचीच जर्सी घालून पंचांची टिंगल करणारे व्हिडिओ समाजमाध्यमांवर टाकणे तातडीने थांबवावे. तक्रार आल्यास संबंधित खेळाडूचे म्हणणे ऐकल्याशिवाय नाव वगळले जाणार नाही. मात्र लेखी खुलासा सात दिवसांत सचिवांकडे पोहोचला पाहिजे.

— कार्यकारिणी