पुसट आलेखांचे मूळ छपाईत नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पावसाचे, बाजारभावाचे, निकालांचे आलेख वृत्तपत्रांत नि प्रबंधांतही बरेचदा पुसट छापून येतात. बोल छापखान्याला लागतो. गडबड मात्र बहुतेक वेळा त्याआधीच, आलेख सॉफ्टवेअरमधून बाहेर काढताना झालेली असते.

‘आर’ या संख्याशास्त्राच्या सॉफ्टवेअरमधल्या पीएनजी (पिक्सेल म्हणजे ठिपक्यांनी बनलेल्या चित्राचा एक फाइल-प्रकार) आदेशाला माप दिले नाही, तर तो ४८० बाय ४८० पिक्सेलचे चित्र देतो. ते १६ सेंमी रुंद छापले की इंचाला जेमतेम ७६ पिक्सेल उरतात. छायाचित्राला ३०० पुरतात. बारीक रेषा नि अक्षरांना ६०० तरी हवेत. नंतर फोटोशॉपमध्ये आकडा वाढवून उपयोग नसतो, नसलेले पिक्सेल अंदाजाने भरले जातात इतकेच. आदेशात नुसते ‘रेस’ (इंचाला किती पिक्सेल, तो आकडा) ३०० केले तर आणखी पंचाईत! पिक्सेल तेवढेच, म्हणजे चित्र १.६ इंचांचे, मग ‘फिगर मार्जिन्स टू लार्ज’ म्हणून आलेख उमटतच नाही.

तेव्हा छापील रुंदी आधी ठरवावी. ‘आर’मधल्या ‘जीजीसेव्ह’ या आलेख जतन करण्याच्या आदेशाला रुंदी १६, उंची १०, एकक सेंमी आणि डीपीआय (इंचाला पिक्सेल) ६०० सांगितले की सुमारे ३७८० पिक्सेल रुंदीचे चित्र मिळते. ‘स्टाटा’ या दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये ‘ग्राफ एक्स्पोर्ट’ करताना पीएनजीची रुंदी थेट पिक्सेलमध्ये देता येते. आलेख दुप्पट मापाचा काढून छापताना निम्मा करू नये, १० पॉइंटचे अक्षर ५ पॉइंटचे होते.

खरे तर रेघांच्या आलेखाला पीडीएफच उत्तम. कितीही मोठा करा, कडा फाटत नाहीत. लाखभर बिंदूंचा आलेख असेल तर मात्र ती फाइल उघडता उघडत नाही, तिथे पीएनजी बरे. जेपीजी नकोच, अक्षरांभोवती डाग पडतात. देवनागरी मथळे असतील तर ‘आर’चा साधा पीडीएफ आदेश अक्षरांऐवजी ठिपके छापतो, त्याऐवजी ‘आर’मधलाच ‘कैरो पीडीएफ’ आदेश वापरावा आणि फाँट देवनागरीचा निवडावा.

एवढे करून फाइल व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून धाडली, की सगळे मुसळ केरात. ‘डॉक्युमेंट’ म्हणूनच पाठवावी. वर्डमध्ये चित्र चिकटवणाऱ्यांनी ‘ॲडव्हान्स्ड’ पर्यायांत जाऊन चित्रे ‘कॉम्प्रेस’ न करण्याची खूण आधी करावी.

आपल्या लेखकांसाठीच्या सूचनांत ‘आलेख वेगळ्या पीडीएफमध्ये, स्तंभाच्या रुंदीनुसार’ एवढी ओळ घालावी आणि स्तंभाची रुंदी सेंटिमीटरमध्ये छापावी, ही विनंती.

– संख्याशास्त्राचे अध्यापक, पुणे