तहान लागेल तेव्हाच पी

चि. सईस,
अनेक आशीर्वाद.

'तहान लागायच्या आत, वाटेतल्या प्रत्येक पाण्याच्या स्टेशनवर दोन ग्लास' असं मॅरेथॉनच्या ग्रुपवर सांगितलंय म्हणालीस. ते ऐकू नकोस. तहान लागल्यावर विहीर खणू नये हे खरं, पण शरीरात ती आधीच खणलेली असते.

मेंदूतला हायपोथॅलॅमस पाणी मोजत नाही, रक्तात क्षार किती दाट झालेत ते मोजतो. किलोमागे २७५ ते २९५ मिलिऑस्मोल (विरघळलेल्या कणांचं माप), एवढ्यातच त्याला तो दाटपणा ठेवायचा असतो. एक-दोन टक्के वाढ झाली की पिट्युटरी ग्रंथीतून एडीएच, म्हणजे पाणी राखायला सांगणारं संप्रेरक, जास्त सुटतं, मूत्रपिंड पाणी परत ओढतं, लघवी थोडी आणि गडद होते. रक्त पातळ झालं की एडीएच बंद, आणि जास्तीचं पाणी बाहेर. घरी बसल्या तासाला पाऊण-एक लिटर सहज जातं.

धावताना मात्र श्रम, वेदना, मळमळ यांमुळे गरज नसतानाही एडीएच सुटत राहतं. प्यायलेलं पाणी आतच अडकतं, रक्तातलं सोडियम लिटरला १३५ मिलिमोलच्या खाली घसरतं आणि पाणी पेशींत शिरतं. हातापायांच्या पेशी फुगल्या तर अंगठी रुतेल, एवढंच. मेंदूला कवटीत फुगायला जागा नसते. मग डोकेदुखी, उलटी, असंबद्ध बोलणं, झटके. हे पाच-सहा तास लावणाऱ्यांना जास्त होतं. त्यांना प्यायला वेळ मिळतो ना!

ओआरएस घेतलं की झालं, असंही नाही. त्यात लिटरला ७५ मिलिमोल सोडियम, रक्तात १४०. म्हणजे तेही अति प्यायलं तर रक्त पातळच करणार. मोठं पाकीट बरोबर एक लिटरमध्येच घाल. अर्ध्या लिटरात दाट केलंस तर जुलाब होतील.

रविवारच्या लांब रनआधी आणि नंतर घाम पुसून वजन कर. किलोभर घट म्हणजे साधारण लिटरभर पाणी गेलं. थोडी घट चालते, वाढ अजिबात नको. गुडघा दुखला तरी त्या दिवशी आयब्युप्रोफेन नको, त्याने एडीएचचा जोर आणखी वाढतो.

डोकं जड, मळमळ, बोटं सुजलेली असली तर पाणी थांबव, मेडिकल तंबू गाठ. सलाईन लावण्याआधी सोडियम तपासायला सांगायचं. हे सोबतच्या मैत्रिणीलाही आत्ताच सांगून ठेव, त्या वेळी तुला सुचणार नाही.

तुझी,
आई