हवा काढून झाली, पण ती आली कुठून?

प्रिय मंदार,

गाडीच्या कूलिंगबद्दलचा तुझा मेसेज वाचला आणि टेंपरेचरच्या काट्याचा व्हिडिओ पण दोनतीनदा बघितला. फोनवर सांगितलं असतं तर अर्धं तू विसरला असतास म्हणून निवांत लिहितोय, तूही निवांत वाच आणि तोपर्यंत गाडी लांब कुठे नेऊ नकोस.

गॅरेजवाला परत म्हणतोय ना की कूलिंग सिस्टिममध्ये हवा पकडलीय, ब्लीड करून म्हणजे ती हवा काढून देतो? हवा आहे हे त्याचं बरोबरच आहे. सिग्नलला उभं राहिलं की हीटर गार फेकतो, जरा रेस दिली की परत गरम, डॅशबोर्डच्या मागून खळखळ आवाज, काटा मधेच वर जाऊन परत खाली, ही सगळी हवेचीच लक्षणं. हीटर कोअर, म्हणजे हीटरसाठी गरम पाणी फिरवणारा छोटा रेडिएटर, बऱ्याच गाड्यांमध्ये उंचावर असतो, पाणी कमी झालं किंवा हवा अडकली की पहिली बोंब तिथेच होते. पण एकदा नीट काढलेली हवा परत येते म्हणजे ती कुठून तरी आत शिरतेय, आणि ते भोक शोधायचं सोडून दर वेळी ब्लीड करत बसणं म्हणजे पंक्चर न काढता सायकलला रोज पंप मारण्यासारखं आहे.

हवा आत यायचे रस्ते मोजकेच. कूलंट, म्हणजे इंजिन गार ठेवणारं द्रव, बदलताना नीट भरलं नाही तर राहते, पण ती एकदा काढली की विषय संपतो. दुसरा रस्ता म्हणजे बारीक गळती. इंजिन तापलेलं असताना प्रेशरने तिथून कूलंट बाहेर पडतं आणि गार होताना आत ओढ तयार होते. अशा वेळी रेडिएटरच्या कॅपमधला छोटा व्हॉल्व्ह उघडून जादा कूलंटच्या बाटलीतलं कूलंट परत आत जायला हवं, पण कॅपचं रबर गेलेलं असेल किंवा बाटलीचा पाइप चिरलेला असेल तर कूलंटऐवजी हवाच ओढली जाते. (काही गाड्यांमध्ये बाटलीच प्रेशरखाली असते, तिथे बाटलीत वर थोडी हवा असतेच, ती बघून घाबरू नकोस.) आणि तिसरा रस्ता सगळ्यात वाईट, हेड गॅस्केट, म्हणजे इंजिनचा ब्लॉक आणि त्यावरचं हेड यांच्यामधलं सील, गेलेलं असलं की सिलिंडरमधला जळका गॅस थेट पाण्यात घुसतो. त्यावर येतोच.

आणि एक, काटा अचानक खाली पडला म्हणून खुश होऊ नकोस. टेंपरेचरचा सेन्सर पाण्यात बुडालेला असेल तरच खरं सांगतो, त्याच्याभोवती हवा आली की इंजिन उकळत असतानाही काटा गरीब गायीसारखा बसून राहू शकतो. हीटर फुल गरमवर असताना गार हवा आणि काटा पण खाली, असं दिसलं तर गाडी बाजूला घेऊन इंजिन बंदच कर.

सुरुवात कॅपपासून कर, कारण ती सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात दुर्लक्षित वस्तू. गाडी पूर्ण गार असताना उघडायची हं, गरम असताना अजिबात हात लावू नकोस, आतलं पाणी शंभरच्या वर गेलेलं असतं, ते केवळ प्रेशरमुळे उकळत नसतं आणि कॅप सैल झाली की उसळून थेट तोंडावर येतं. बऱ्याच कॅपवर 0.9 किंवा 1.1 असा आकडा असतो, तो बारमध्ये. निम्मं पाणी निम्मं कूलंट हे मिश्रण उघड्यावर 107 अंशांच्या आसपास उकळतं, पण साधारण 1 बार प्रेशर असेल तर 130 च्या जवळ जाईपर्यंत उकळत नाही. म्हणजे कॅपने प्रेशर धरलंच नाही तर बाकी सगळं ठणठणीत असूनही गाडी उकळते. रबर कडक झालंय का, चिरलंय का बघ, शंका आली तर सरळ बदल. गाडी गार झाल्यावर वरचा होज पाइप चपटा झालेला दिसला तर कॅपमधला तो व्हॉल्व्ह अडकलाय किंवा बाटलीकडे जाणारा पाइप तुंबलाय.

मग प्रेशर टेस्टर. हातपंपासारखा असतो, कॅपच्या जागी बसवायचा आणि कॅपवर जेवढा आकडा आहे तेवढंच प्रेशर द्यायचं, जास्त नाही, नाहीतर चांगला रेडिएटर फोडशील. पंधरावीस मिनिटं टेस्टरचा काटा हलला नाही पाहिजे. हलला तर टॉर्च घेऊन शोध. माझ्या मते ही टेस्ट केल्याशिवाय जो एकही पार्ट बदलायला सांगतो त्याच्याकडे गाडी देऊच नये. आणि हो, गार गाडीवर कर आणि नंतर कोमट झाल्यावर पण कर, कारण काही क्लॅम्प गार असतानाच गळतात, तापल्यावर रबर फुगून बंद होतात, काहींचं बरोबर उलटं.

गळती दर वेळी थेंब थेंब दिसत नाही, गरम इंजिनावर पडलेलं कूलंट जागच्या जागी वाळतं आणि मागे पांढरट किंवा हिरवट-गुलाबी खरपुडी राहते, ती शोध. रेडिएटरची प्लास्टिकची टाकी ॲल्युमिनियमला जिथे दाबून बसवलेली असते ती कड, थर्मोस्टॅटचं (इंजिन तापलं की पाणी रेडिएटरकडे सोडणारा व्हॉल्व्ह) हाउसिंग, होजची टोकं. वॉटर पंपाला एक छोटं भोक मुद्दाम ठेवलेलं असतं, आतलं सील गेलं की तिथून ओघळ येतो, ते भोक बुजवायचं नाही, पंप बदलायचा. गाडीत गोडसर वास, काचेला आतून चिकट धुकं, पायाखालचं कार्पेट ओलं, तर हीटर कोअर. एसीचं पाणी पण खाली गळतं पण त्याला वास-रंग-चिकटपणा काही नसतो, बोटावर घेऊन बघ पण चाखू नकोस, कूलंट विषारी असतं. जमिनीवर सांडलेलं लगेच पूस, गोड लागतं म्हणून कुत्री-मांजरं चाटतात आणि मरतात.

बाहेर कुठेच काही नाही आणि पातळी तरी उतरतेय, तर हेड गॅस्केटचा संशय. सकाळी गार गाडी चालू कर आणि वरचा होज दाबून बघ, इंजिन अजून कोमटही नाही आणि होज दगडासारखा कडक झाला तर ते प्रेशर उष्णतेचं नाही, सिलिंडरचं आहे. रात्रभर उभ्या गाडीची कॅप उघडताना फुस्स झालं तरी तोच संशय. खात्रीसाठी निळ्या द्रावणाची टेस्ट असते, रेडिएटरच्या तोंडावरची हवा त्या द्रावणातून ओढायची, पेट्रोल गाडीत जळका गॅस असेल तर निळ्याचं पिवळं होतं. फक्त पातळी थोडी उतरवून घ्यायला सांग, कूलंट आत ओढलं गेलं तर टेस्ट वाया. आणि ऑइलच्या झाकणाखाली दुधासारखं दिसलं म्हणून लगेच हेड उघडायला देऊ नकोस, जवळजवळच्या फेऱ्या असतील तर नुसत्या दमटपणानेही तसं होतं, डिपस्टिकवरचं, म्हणजे ऑइल मोजायच्या पट्टीवरचं, ऑइल बघ.

दोन गोष्टींना साफ नाही म्हण. एक, लीक बंद करायची पावडर किंवा बाटली, ती भोकाआधी हीटर कोअरच्या बारीक नळ्या बुजवते. दुसरी, थर्मोस्टॅट काढून टाकू म्हणेल तर. त्याने इंजिन कायम गार चालतं, पेट्रोल जास्त खातं, आणि काही इंजिनांत तर बायपास उघडाच राहून पाणी रेडिएटरला वळसा घालून जातं, म्हणजे गाडी उलट जास्त तापते.

गळती सापडून बंद झाली की मगच हवा काढायची. गाडीचं नाक जरा उंच करून, इंजिन गार, हीटर फुल गरमवर, कूलंट सावकाश भरायचं, ब्लीड स्क्रू असेल तर तिथून बुडबुड्यांशिवाय सलग धार येईपर्यंत उघडा ठेवायचा. मग मोठं फनेल लावून इंजिन चालू करायचं आणि थर्मोस्टॅट उघडेपर्यंत वाट बघायची, खालचा होज तापायला लागला की उघडला समज. मधून मधून वरचा होज दाबत राहायचं, जाड कापड हातात घेऊन. फॅनपासून बोटं लांब, तो इंजिन बंद असतानाही फिरू शकतो. फॅन चालू-बंद होऊन झाला आणि बुडबुडे थांबले की गार होऊ दे, पातळी पूर्ण कर, आणि बाटलीवर मार्करने रेघ मार. पुढचे काही दिवस रोज सकाळी गार असतानाच ती रेघ बघायची.

आता तू आधी कॅपवरचा आकडा बघून कळव, आणि होज सकाळी कडक होतो का ते पण. त्यावरून टेस्टर आधी की निळं द्रावण आधी ते ठरवू.

तुझा,
सुहास